प्रश्नोत्तरे : हजार रुपयांची शिष्यवृत्ती

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत आहे. गुरुजी ‘एनएमएमएस’ला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेला) बसवा म्हणतात. महिन्याला हजार रुपयांनी काय फरक पडणार?

उत्तर : रक्कम लहान वाटते खरी; परंतु ती नववी ते बारावी अशी चार वर्षे, दरवर्षी 12,000 रुपयांप्रमाणे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते, आणि नेमक्या याच वर्षांत एसटीचा पास, वह्या व अकरावीचा प्रवेश यांची जुळवाजुळव न झाल्याने अनेक घरांत मुलीचे शिक्षण थांबवण्याचा विचार सुरू होतो. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे व सातवीत किमान 55 टक्के गुण असावेत. अनुसूचित जाती-जमातींना गुणांत सवलत आहे. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. आमच्या मते अडचण परीक्षेपेक्षा कागदपत्रांची अधिक असते. निवड झाल्यावरही दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण करावे लागते, आणि दहावीनंतर विनाअनुदानित महाविद्यालयात प्रवेश घेतल्यास ही शिष्यवृत्ती बंद होते, म्हणून अकरावीचे महाविद्यालय निवडताना ते शासकीय किंवा अनुदानित असल्याची खात्री अवश्य करावी.