बाळाच्या गालावरचा जन्मजात लाल डाग मोठेपणी आपोआप जातो का? घरचे म्हणतात ग्रहणात भाजी चिरली म्हणून आला. (परभणी)

नाही, तो पोर्ट-वाइन स्टेन (फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांमुळे येणारा जन्मजात लाल डाग) असेल तर आपोआप जात नाही. बाळासोबत त्याच प्रमाणात वाढतो. लातूरला त्वचारोग ओपीडीत काम करतो, हा प्रश्न नेहमी येतो. ग्रहणाचा, विळीचा काही संबंध नाही, आईला बोल लावू नका. गर्भातच त्या भागातल्या पेशींत जीएनएक्यू नावाच्या जनुकात बदल होतो (हे 2013 मध्ये कळलं). तिथल्या बारीक रक्तवाहिन्या कायमच्या फुगलेल्या राहतात. बदल फक्त त्या भागापुरताच असल्याने तो सहसा पुढच्या पिढीत जात नाही. सुरुवातीला डाग गुलाबी, सपाट असतो. वयानुसार गडद होत जांभळट होतो, आणि मध्यमवयात काहींची कातडी जाड होऊन त्यावर गाठी येतात, त्यातून रक्तही येतं. बाळ रडलं किंवा वैशाखाच्या उन्हात तापलं की डाग जास्त लाल दिसतो, ते तात्पुरतं. पल्स्ड डाय लेझरने (त्या रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्या लेझर उपचाराने) तो फिका होतो, लहान वयात सुरू केलं तर जास्त. पूर्ण जाईलच असं नाही.

मात्र प्रत्येक लाल डाग पोर्ट-वाइन स्टेन नसतो. दोन भुवयांमधला फिकट डाग बहुधा वर्षा-दोन वर्षांत विरतो, आणि जन्मानंतर उगवून भराभर फुगणारी लाल गाठ वेगळीच. पोर्ट-वाइन स्टेन कपाळावर किंवा पापणीवर असेल तर थांबू नका: डोळ्याचा दाब तपासून घ्या, झटके येतात का बघा.