केम्निट्झ की स्टुटगार्ट? वाळूजच्या भावाला उत्तर

भाऊ, तू विचारलंस की जर्मनीत पूर्वेकडच्या केम्निट्झची कंपनी पश्चिमेकडच्या स्टुटगार्टपेक्षा कमी पगार देतेय, पण तिकडं घरभाडं स्वस्त आहे, तर वाळूज एमआयडीसी सोडून कुठं जावं? मी आधी केम्निट्झकडंच होतो. आता चार वर्षं स्टुटगार्टजवळ सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे विचार: कंपनीला टारिफ लागू आहे का? टारिफ म्हणजे युनियन आणि मालकांच्या संघटनेतला वेतन करार. वाळूजला करार एकेका कंपनीचा. रस्त्याच्या अलीकडच्या कंपनीत अ‍ॅग्रीमेंट झालं की रस्त्यापलीकडचा नुसते आकडे ऐकतो, आणि कंत्राटी दोन्हीकडं कोरडाच. इथं आयजी मेटाल ही धातू कामगारांची युनियन अख्ख्या विभागासाठी बोलते. आपल्या ऊसतोडीसारखं. माझे आई-बाप कोयत्यावर जायचे. टनाचा दर साखर संघ आणि संघटना राज्यासाठी ठरवायच्या. जानेवारी 2024 ची 34 टक्के वाढही तशीच मिळाली. एकट्या कोयत्यानं मुकादमाशी घासाघीस करून काय मिळालं असतं?

इथं टारिफची पगारवाढ बहुतेक देशभर सारखीच असते. एका विभागात सुटलं की बाकीचे तेच उचलतात. नोव्हेंबर 2024 मध्ये हाम्बुर्ग आणि बव्हेरियात ठरलं: एप्रिल 2025 पासून 2 टक्के, एप्रिल 2026 पासून 3.1. खरा फरक तासांत आहे. पश्चिमेत 1995 पासून आठवडा 35 तासांचा, पूर्वेत करारात 38. 35 तासांसाठीचा 2003 चा तिथला संप फसला. 2021 नंतर तिथल्या काही कंपन्यांत तास कमी होऊ लागले. पगार सारखा धरला तरी 38 तासांत तासाचा दर सुमारे 8 टक्क्यांनी कमी पडतो.

आणि टारिफच नसेल तर? माझ्या पहिल्या कंपनीत नव्हतं. 40 तास काम, वाढ साहेबाच्या मर्जीवर. त्याच मशीनवरच्या जर्मन गड्यानं दीड वर्षानं डबा खाताना पगाराची चिठ्ठी दाखवली, तेव्हा कळलं तो किती जास्त घेतो. त्या रात्री झोप लागली नाही. पूर्वेत अशा कंपन्या जास्त आहेत, भाऊ.

टारिफमध्ये कामानुसार पगाराचे गट असतात, तुझ्या गटाचा नंबर ऑफर लेटरवर लिहून घे. कुशल कामगाराचा मूळ गट बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये (स्टुटगार्टच्या राज्यात) 7, बव्हेरियात 5, त्यामुळं नुसत्या नंबरवर जाऊ नको. आल्यावर युनियनचा सभासद हो, वर्गणी पगाराच्या 1 टक्का. कायद्यानं कराराचा हक्क सभासदाचाच.

दोन्ही लेटरचे फोटो पाठव, रविवारी बसून बघतो.