हृदयासाठी हाडांचा स्कॅन कशाला?

या महिन्याच्या टपालात तपासण्यांच्या रिपोर्टविषयीची पत्रे इतकी आली की सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. उत्तरे क्ष-किरणतज्ज्ञ या नात्याने दिली आहेत. पत्रलेखकांपैकी कोणालाही मी तपासलेले नाही, तेव्हा अंतिम शब्द आपल्या डॉक्टरांचाच समजावा.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वी नस दबल्यामुळे त्यांच्या दोन्ही मनगटांचे ऑपरेशन झाले होते. गेले वर्षभर जिना चढताना त्यांना धाप लागते आणि संध्याकाळी पावलांवर सूज येते. टूडी इकोमध्ये हृदयाच्या भिंती जाड असल्याचे आले. रक्तदाब मात्र त्यांना कधीच नव्हता. आता हृदयरोगतज्ज्ञांनी बोन स्कॅन लिहून दिला आहे. हाडांची काही तक्रार नसताना हा खर्च कशाला? चिठ्ठी दुसऱ्या कोणाची तर नव्हे? (वाचक, नागपूर)

उत्तर : चिठ्ठी आपल्या वडिलांचीच आहे, आणि ती लिहिणाऱ्याने त्यांची जुनी फाइल मन लावून वाचलेली दिसते. यकृतात ट्रान्सथायरेटिन नावाचे एक प्रथिन तयार होते. थायरॉइडचे संप्रेरक आणि अ जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेण्यास मदत करणे हे त्याचे काम. उतारवयात, आणि काही घराण्यांत जनुकीय दोषामुळे त्याआधीही, या प्रथिनाची घडी विसकटते आणि त्याचे न विरघळणारे तंतू शरीरात ठिकठिकाणी साचू लागतात. या साठ्याला अमायलॉइड म्हणतात. हृदयाच्या स्नायूत ते साचले की भिंती जाड आणि ताठर होतात. इकोवर हे दृश्य जुन्या रक्तदाबाने जाड झालेल्या हृदयासारखेच दिसत असल्यामुळे असे कितीतरी रुग्ण ‘आता वय झाले’ एवढे ऐकून घरी परतत असत. हेच तंतू मनगटातल्या अस्थिबंधांतही साचतात आणि तिथून जाणारी नस दाबतात. दोन्ही हातांचे कार्पल टनेलचे, म्हणजे मनगटातली दबलेली नस मोकळी करण्याचे, ऑपरेशन, कण्याची नलिका अरुंद होणे, विशेष जोर न लावताही दंडातला स्नायुबंध तुटणे, अशा तक्रारी हृदयाची लक्षणे दिसण्याच्या पाच-दहा वर्षे आधी होऊन गेलेल्या आढळतात. अस्थिरोगतज्ज्ञाची फाइल एका कपाटात आणि हृदयरोगतज्ज्ञाची दुसऱ्या, म्हणून त्यांचा मेळ बसत नाही, एवढेच.

आता स्कॅनविषयी. बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याला फॉस्फेट जातीचे संयुग जोडून ते शिरेतून टोचतात. हाडे ते ओढून घेतात आणि एक ते तीन तासांनी गॅमा कॅमेरा त्याची प्रतिमा टिपतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर बरगड्या, छातीचे मधले हाड आणि कणा काळसर उमटतात. हृदयाच्या जागी एरवी काहीच दिसत नाही. ट्रान्सथायरेटिनचे अमायलॉइड असेल तर मात्र बरगड्यांच्या आड, डाव्या बाजूला, मुठीएवढे हृदय चक्क हाडासारखे उमटते. त्या साठ्यातल्या कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांमुळे असे घडत असावे, असे मानले जाते. वाचण्याची रीतही साधी आहे : हृदय बरगडीपेक्षा फिके असेल तर पहिली श्रेणी, बरगडीइतके असेल तर दुसरी आणि तिच्याहून गडद असेल तर तिसरी. इटलीतल्या संशोधकांनी २००५ मध्ये ही श्रेणी मांडली. पुढे २०१६ मध्ये अनेक देशांतल्या १,२१७ रुग्णांच्या अभ्यासातून असे दिसले की दुसरी किंवा तिसरी श्रेणी असेल आणि रक्त-लघवीत विशिष्ट असामान्य प्रथिन नसेल, तर हृदयाचा तुकडा काढून तपासण्याची गरज उरत नाही. याआधी पक्के निदान म्हणजे मानेतल्या किंवा मांडीतल्या शिरेतून हृदयापर्यंत चिमटा नेणे. ७४ वर्षांच्या माणसाला ते किती जड, हे वेगळे सांगायला नको.

मात्र ‘रक्त-लघवीत असामान्य प्रथिन नसेल तर’ ही अट कोणी गाळू नये. अमायलॉइडचा दुसरा एक प्रकार अस्थिमज्जेतल्या पेशींमुळे होतो, त्याचे उपचार पूर्णपणे वेगळे असतात आणि त्यात आठवड्यांचा उशीरही महागात पडतो. तोही या स्कॅनवर कधीकधी उमटतो. म्हणून स्कॅनच्या आधी किंवा सोबत त्या रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्या झाल्या आहेत की नाही, हे विचारा. तसेच सपाट चित्रात हृदयाच्या कप्प्यातले रक्तही स्नायूसारखे भासू शकते, त्यामुळे ‘स्पेक्ट’ म्हणजे फिरत्या कॅमेऱ्याने घेतलेली त्रिमितीय चित्रेही काढणार आहेत ना, याची खात्री करून घ्या. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नसते. एवढा खटाटोप कशासाठी, तर २०१८ मध्ये ४४१ रुग्णांवरील चाचणीत टॅफॅमिडिस या औषधाने मृत्यूंचे प्रमाण कमी झाल्याचे सिद्ध झाले. साचलेले ते काढून टाकत नाही, पुढचे साचणे मंदावते. निदान जितके आधी, तितका उपयोग अधिक.

प्रश्न : मी ४९ वर्षांची गृहिणी आहे. तपासणीच्या पॅकेजमध्ये माझा कॅल्शियम स्कोअर शून्य आला, तेव्हा ‘ब्लॉक नाही’ असे सांगण्यात आले. तरीही भरभर चालले की छातीवर दडपण येते आणि थांबले की ते जाते. आता सीटी अँजिओग्राफी करायला सांगितली आहे. पुन्हा त्याच यंत्रात जाऊन वेगळे काय कळणार? की फोटॉन काउंटिंग सीटी हे नवे यंत्र शोधावे? (वाचक, पुणे)

उत्तर : यंत्र तेच, पण प्रश्न वेगळा. कॅल्शियम स्कोअर ही १९९० मध्ये आर्थर अ‍ॅगटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली मोजदाद आहे. त्यात शिरेतून काही टोचत नाहीत, आणि हृदयाच्या धमन्यांमध्ये ठरावीक घनतेपेक्षा जास्त पांढरे दिसणारे, म्हणजे चुना धरलेले, ठिपके तेवढे मोजले जातात. ज्याला काहीच लक्षण नाही, त्याच्यासाठी शून्य हा आकडा खरोखर दिलासा देणारा आहे. आपल्याला मात्र लक्षण आहे. मेदाचा थर कठीण होण्याआधी मऊ असतो, आणि त्या मऊ थराची या मोजणीत नोंदच होत नाही. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ आणि इतरत्र सुमारे ५९ आढळले होते. आपल्याकडे चुना धरण्याची वाट पाहण्याइतकी सवड अनेकांना मिळत नाही. ‘ब्लॉक नाही’ हे वाक्य त्या रिपोर्टवरून कोणी उच्चारायलाच नको होते.

सीटी अँजिओग्राफीत आयोडीनयुक्त औषध टोचून धमनीची आतली वाट आणि भिंत दोन्ही दाखवली जातात. नाडी मिनिटाला साठ-पासष्टच्या आसपास आणण्यासाठी गोळी देतात, जिभेखाली फवारा मारून धमन्या सैल करतात, छातीवर ईसीजीची बटणे चिकटवतात आणि ‘श्वास घ्या, रोखून धरा’ असे सांगतात. औषध जाताना अंगभर गरम लाट पसरते आणि लघवी झाली की काय असे वाटते. होत नाही, पण हे आधी कोणी सांगितले नाही तर माणूस दचकतो, हलतो आणि चित्र बिघडते. मूत्रपिंडाचा विकार, आयोडीनची अ‍ॅलर्जी किंवा दमा असेल तर आधीच सांगावे.

या तपासणीचा उपयोग किती, याचे सर्वांत ठोस उत्तर स्कॉटलंडमधून आले. छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीची तपासणी आणि निम्म्यांना तिच्या जोडीला सीटी अँजिओग्राफी देण्यात आली. २०१८ मध्ये पाच वर्षांचा निकाल प्रसिद्ध झाला : हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण पहिल्या गटात ३.९ टक्के, तर सीटीच्या गटात २.३ टक्के होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की पाच वर्षांच्या हिशेबात स्टेंट आणि बायपासचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. फरक पडला तो बहुधा औषधांमुळे. भिंतीत साचलेला मेद डोळ्यांनी दिसल्यावर डॉक्टरांनी योग्य त्या माणसाला कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली. ‘सीटीत काही दिसले की स्टेंट गळ्यात मारतात’ या भीतीने तपासणी टाळणाऱ्यांसाठी मी हे मुद्दाम लिहीत आहे.

फोटॉन काउंटिंग सीटीबद्दलही आपण विचारले आहे. नेहमीच्या सीटीत क्ष-किरणांचे आधी प्रकाशात आणि मग विजेत रूपांतर होते आणि सगळ्यांची एकत्र बेरीज होते. नव्या यंत्रात कॅडमियम टेल्युराइडच्या स्फटिकावर आदळणारा प्रत्येक कण सुटा मोजला जातो आणि त्याची ऊर्जाही नोंदवली जाते. धुक्यात दिव्याभोवती वलय पसरते, तसा साध्या सीटीत कॅल्शियमचा ठिपका आहे त्याहून मोठा दिसतो आणि शेजारची वाट बंद झाल्यासारखी भासते. नव्या यंत्रात हे वलय बरेच आक्रसते. अमेरिकेत २०२१ च्या सप्टेंबरात अशा पहिल्या यंत्राला मान्यता मिळाली. त्याचा खरा लाभ खूप कॅल्शियम किंवा जुने स्टेंट असणाऱ्यांना होतो. आपला स्कोअर शून्य आहे, तेव्हा चांगले चालणारे साधे यंत्र आणि अनुभवी वाचणारा आपल्याला पुरे.

प्रश्न : माझ्या गुडघ्याचा एमआरआय तीन वर्षांपूर्वी झाला तेव्हा अर्धा तास लागला होता. या वेळी दहा मिनिटांत बाहेर काढले. विचारले तर ‘एआय आहे’ म्हणाले. रिपोर्टमध्ये गादी फाटल्याचे लिहिले आहे आणि दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवले आहे. तपासणी अर्धवट तर झाली नाही ना? वय ५८, गुडघा अडकत नाही, मांडी घालून बसले की दुखते. (निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : बाई, घाईचा संशय सोडा. एमआरआय छायाचित्रासारखा एका क्षणात टिपला जात नाही. संकेतांच्या हजारो ओळी एकामागून एक गोळा होतात आणि त्यांतून गणिताने चित्र उभे राहते. थोड्या ओळी गाळूनही चित्र जुळवता येते, हे २००७ च्या सुमारास दाखवले गेले. २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने फेसबुकच्या संशोधकांसह गुडघ्यांच्या एमआरआयचा मोठा साठा खुला केला, आणि गाळलेल्या ओळी भरून काढायला संगणकाला त्यावर शिकवले गेले. अशी वेगवान चित्रे निदानासाठी नेहमीच्या चित्रांच्या तोडीची ठरल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. संगणक बारीकसा तपशील पुसू शकतो, हे खरे. पण अर्धा तास निश्चल न राहता आल्याने बिघडलेली चित्रे मी त्याहून कितीतरी जास्त पाहिली आहेत.

माझी शंका रिपोर्टच्या अर्थाबद्दल आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांच्या गुडघ्यांचा एमआरआय, दुखते की नाही हे न पाहता, काढला गेला. ज्यांची गादी फाटलेली आढळली त्यांच्यापैकी ६१ टक्क्यांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. म्हणजे आपल्या वयात ती फाट केसांच्या पांढरेपणासारखी असू शकते. फिनलंडमध्ये तर झीज होऊन गादी फाटलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींची गादी कापली आणि काहींना फक्त छेद देऊन ऑपरेशनचा आभास निर्माण केला. वर्षाने दोन्ही गटांचा आराम सारखाच होता. खेळताना पीळ बसून फाटलेली तरुणाची गादी किंवा अडकून बसणारा गुडघा यांची गोष्ट निराळी. आपला गुडघा अडकत नाही. तेव्हा तीन महिने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून करावेत, मांडी घालून बसणे टाळावे, आणि ऑपरेशनबद्दल दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचेही मत घ्यावे.

प्रश्न : आईला पेसमेकर आहे आणि कंबरेचा एमआरआय सांगितला आहे. एका केंद्राने सरळ नकार दिला. दुसरा मार्ग आहे का? (वाचक, मडगाव)

उत्तर : बहुधा आहे. एमआरआयमध्ये अटींसह चालणारे पेसमेकर गेल्या दशकभरात सर्रास बसवले जातात. जुन्या प्रकारांबाबतही २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी नोंदणीत, १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) यंत्रात पेसमेकर असलेल्यांचे छाती सोडून इतर भागांचे १,००० स्कॅन झाले आणि त्यात एकही मृत्यू झाला नाही किंवा पेसमेकरपासून हृदयापर्यंत जाणारी तार निकामी झाली नाही. मात्र स्कॅनआधी पेसमेकरची मांडणी बदलणे, स्कॅन चालू असताना नाडीवर लक्ष ठेवणे आणि नंतर मांडणी पूर्ववत करणे अनिवार्य असते, आणि ही सोय प्रत्येक केंद्रात नसते; नकार देणाऱ्या केंद्राने त्या दृष्टीने योग्यच केले. पेसमेकर बसवताना मिळालेले छोटे कार्ड शोधून काढा, त्यावर यंत्राचे आणि तारांचे मॉडेल असते. ते घेऊन आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा आणि त्यांच्याच रुग्णालयात एमआरआयची वेळ ठरवा. पेसमेकर बसवून सहा आठवडे झाले नसतील, किंवा जुनी तुटकी तार आत राहिलेली असेल, तर हे पहिल्याच भेटीत सांगावे.