रोजकीर्द जुळत नाही तेव्हा

प्रश्न : मी ४३ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत लिपिक आहे. नवं सॉफ्टवेअर आल्यापासून संध्याकाळी रोजकीर्द, म्हणजे दिवसभराच्या जमा-खर्चाची नोंद, जुळत नाही. साहेब सगळ्यांसमोर विचारतात, ‘आज किती फरक?’ तेव्हा हातापायांतलं बळच जातं. बरोबरची पोरं पटापट कामं उरकतात. आपल्याला हे जमायचंच नाही, असं वाटत राहतं. सगळे म्हणतात, सकारात्मक विचार कर. तो कसा करायचा?

उत्तर : ताई, तो सल्ला तूर्त बाजूला ठेवा. एखाद्या दिवशी २७० रुपयांचा फरक समोर दिसत असताना ‘सगळं छान होईल’ हे मनाला पटत नाही, आणि त्यात मनाचं काही चुकत नाही.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी बँकेत हिशेबाच्या टेबलावर होते, म्हणून आपल्याच भाषेत सांगते. २७० चा फरक आला की आमच्याकडची जुनी माणसं आधी १३५ ची नोंद शोधायची. ती जमेऐवजी नावे, म्हणजे खर्चाच्या बाजूला, पडली असेल, तर फरक दुप्पट येतो. मग ९ ने भागून बघायची. भाग गेला, की आकडे उलटे पडल्याचा संशय : ५२० चे २५०. फरक आला कुठून, एवढाच शोध. लिहिणारी बाई कशी आहे, हा प्रश्न त्यात येतच नाही. तुम्ही मात्र फरक दिसताच स्वतःचा निकाल लावून मोकळ्या होता. मग शोधायला डोकं उरणार कुठून?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती हेच सांगते : कृतीला चूक म्हणा, माणसाला नालायक ठरवू नका. चूक होऊ नये, ही इच्छा रास्तच आहे. ‘होताच कामा नये’ असा हट्ट धरला की भीती वाढते आणि भीतीपोटी आणखी चुका होतात.

एक छोटी वही घाला. फरक किती, सापडला कुठे, कशामुळे, एवढंच लिहा. ‘मी वेंधळी’ असं त्यात लिहायचं नाही. महिनाभराने वही चाळा. समजा, बहुतेक फरक पिग्मी एजंट (रोजची छोटी बचत गोळा करणारे) एकदम भरणा घेऊन येतात त्याच तासातले निघाले, तर वही घेऊन साहेबांकडे जा आणि भरणा दोन वेळांत घेता येईल का, ते विचारा.

त्या पोरांनाही विचारा. मात्र ‘मला काही येत नाही’ असं म्हणू नका. ‘चुकलेली नोंद उलटवायची कशी, एकदा दाखव’ म्हणा. नेमकं विचारलं की दाखवणाऱ्यालाही सोपं जातं.

झोप, जेवण दोन आठवड्यांहून अधिक बिघडलं असेल, तर वहीवर थांबू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.