पॅराशूट का उघडलं नाही?

प्रश्न: क्लबच्या गेल्या महिन्याच्या उड्डाणदिवशी माझ्या मुलीचं मॉडेल रॉकेट सरळ वर गेलं, पण पॅराशूट उघडलंच नाही. इंजिन सी६-५ होतं. काय चुकलं असेल?

उत्तर: लेकीला किती वाईट वाटलं असेल! माझंही पहिलं रॉकेट असंच नाकावर आपटलं होतं. आधी पॅराशूट हातात घेऊन बघा. इंजिनच्या गरम वायूनं प्लास्टिक वितळून एकमेकांना चिकटलं असेल, तर नळीत पॅराशूटखाली भरायचा अग्निरोधक कागद कमी पडला. नळीच्या व्यासाच्या दुप्पट उंचीपर्यंत तो सैलसर भरावा. चिकटलं नसेल, तर घडी आदल्या रात्रीच घातली होती का? गारठ्यात प्लास्टिक घडी सोडत नाही. मी अगदी उडवायच्या आधी घडी घालतो, तीही चिमूटभर टाल्कम पावडर लावून. नाकाडाचा शंकू फुंकरीनं सुटायला हवा, नुसतं उलटं धरल्यावर मात्र पडता कामा नये.

आता इंजिनच्या नावातला, सी६-५ मधला, तो शेवटचा ५. जळण संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकलं जाईपर्यंतचे ते सेकंद. रॉकेट जड असेल तर तेवढ्यात ते खाली झेपावू लागतं. मग सी६-३ वापरा. आणि पुढच्या वेळी काउंटडाउन तिलाच करू द्या.