पाठ टेकली म्हणजे हरलो का? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवर झुंजून, गळा आवळून नाहीतर सांधा उलटा करून हार मानायला लावायची, तो खेळ) आणि त्यातला गाजलेला खेळाडू रॉजर ग्रेसी ह्यांच्याबद्दल लिहिलं, तर एवढे मेल आले की काय सांगू. बरेचसे प्रश्न फिरून फिरून तेच होते, म्हणून त्यातले चार घेतलेत. नावं गाळलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न : ताई, मी सांगलीचा. तालमीतच मोठा झालो, आता गुडघा गेलाय म्हणून नुसता बघतो. तुमचे हे जिउ-जित्सूवाले लढत सुरू झाली की स्वतःहूनच खाली बसतात नि पाठीवर पडतात. आमच्यात पाठ टेकली की विषय संपला. ही कसली कुस्ती?

दादा, कुस्ती म्हणूच नका, भांडणच मिटलं! नियमच वेगळा आहे हो. आपल्याकडे चितपट झालं की निकाल, त्यामुळे पैलवानाचं अर्धं डोकं पाठ वाचवण्यात जातं. इथे निकाल लागतो समोरच्याने हाताने थापटून हार मानली की, नाहीतर पॉइंटवर. खाली पाठीवर पडलेल्याच्या दोन पायांत वरचा अडकलेला असतो, ह्याला गार्ड म्हणतात, आणि तिथून गळा आवळता येतो, कोपर उलटं करता येतं, पालटून वरही येता येतं. आता पॉइंट बघा. पाडलं तर 2, खालून पालटून वर आलात तर 2, समोरच्याचे पाय ओलांडून बाजूला गेलात तर 3, छातीवर चढून बसलात म्हणजे माउंट केलात तर 4, पाठीला चिकटलात तर 4. पाडण्याला सगळ्यात कमी भाव, पाडल्यावर पुढे काय करता त्याला जास्त.

हे आलं कुठून तर ज्युदोमधून. मित्सुयो माएदा नावाचा, कोडोकान ह्या ज्युदोच्या मूळ शाळेतला जपानी माणूस 1914 मध्ये ब्राझीलला पोचला, पुढे बेलेममध्ये कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला, कार्लोसने भावांना शिकवलं, त्यातला धाकटा हेलिओ. आता हेलिओ किरकोळ अंगाचा होता म्हणून त्याने जमिनीवरची लढाई शोधून काढली वगैरे जे सांगतात ना, ते घराण्याने जरा रंगवलेलंच आहे असं माझं मत, कारण जमिनीवरचे डाव ज्युदोत आधीपासून होतेच की. पण त्यावरच सगळा भर देऊन, वेळेचं बंधन काढून, आधी हरायचं नाही मग जिंकायचं बघू असा विचार करून लढायचं, हे मात्र ह्यांचं.

बाकी तुमचा राग मला पटतो. बसून राहायचं, ना हल्ला ना काही, दोन पॉइंट घेऊन घड्याळाकडे बघत राहायचं, असल्या लढती मलाही बघवत नाहीत. आणि तालमीतला पोरगा ह्या खेळात उतरला तर उभ्याने बऱ्याच जणांना भारी पडेल, फक्त एक सवय त्याला मोडावी लागेल. पाठ वाचवायला तो पटकन पालथा होतो, आणि इथे पालथं झालात की समोरचा पाठीवर चढतो, 4 पॉइंट घेतो आणि मागून गळा धरतो.

प्रश्न : पुण्यात आयटीत आहे, ब्लू बेल्ट आहे. रोज रात्री यूट्यूबवर नवीन टेक्निक बघतो, दुसऱ्या दिवशी ट्राय करतो, तरी क्लासमधला एक जण मला दर वेळी त्याच एका चोकने (गळा आवळायच्या डावाने) टॅप करतो, म्हणजे थापटायला लावतो. माझं काय चुकतंय?

उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे की राव, तो एकाच चोकने करतोय!

रॉजर ग्रेसीचंच बघा. ब्लॅक बेल्टमध्ये 10 वर्ल्ड टायटल, आणि त्याचा गाजलेला डाव कुठला, तर पहिल्या काही महिन्यांत शिकवतात तो, माउंटवर बसून, समोरच्याच्या गीची (म्हणजे जाड अंगरख्याची) कॉलर दोन हातांनी धरून गळा आवळायचा, क्रॉस चोक. 2009 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला समोर आलेल्या सगळ्यांना त्याने सबमिट केलं, म्हणजे हार मानायला लावलं. समोरचे काय लेचेपेचे नव्हते, सगळे ब्लॅक बेल्ट, काय येणारे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी येतच होतं.

का येत होतं ते नीट बघा. छातीवर बसल्यावर तो घाई करत नाही. आधी कंबर जड करून खालच्याचा श्वास जड करतो. मग एक हात कॉलरमध्ये खोल, तळवा वर, चार बोटं आत अंगठा बाहेर, एवढा खोल की मनगट मानेला लागलं पाहिजे, आणि इथेच आपण सगळे कंटाळा करतो, अर्धाच हात घालतो आणि मग जोर लावत बसतो. आता खालच्यापुढे तीनच रस्ते. दोन्ही हातांनी गळा वाचवला तर कोपरं छातीपासून सुटतात, आर्मबार (कोपर उलटं करायचा डाव) मिळतो. कूस बदलली तर पाठ मिळते. गप्प पडून राहिला तर दुसरा हात पहिल्याच्या खालून दुसऱ्या कॉलरला जातो, डोकं मॅटला टेकतं, कोपरं खाली येतात, आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. श्वास नाही थांबत, मेंदूकडे जाणारं रक्त थांबतं, म्हणून काही सेकंदांत माणूस थापटतो, नाहीतर झोपतो. म्हणजे एकच डाव दिसतो पण त्याच्या आजूबाजूची सगळी दारं आधीच बंद केलेली असतात, स्ट्रॅटेजी म्हणतात ती ही.

आणि हे फक्त कॉलर आहे म्हणून जमतं असंही नाही हां. एडीसीसी ह्या मोठ्या स्पर्धेत गी नसतो, पकडायला कॉलरच नाही, तिथे 2005 ला त्याने आपला वजनगट आणि ओपन (कुठल्याही वजनाचे एकत्र) दोन्ही जिंकलं आणि आठच्या आठ जणांना सबमिट केलं.

तर तुम्ही यूट्यूब बंद करा म्हणत नाही (बंद करणार नाही आहात हे मला माहीत आहे), पण पुढचे काही महिने एक वरची पोझिशन आणि एक खालची सुटका एवढंच घोटा. सुटका आधी. माउंटखालून बाहेर यायची भीती गेली की वर असताना धाडस आपोआप येतं. आणि त्या क्लासमधल्या माणसालाच विचारा की बाबा रे, मी कुठे उशीर करतोय, बहुतेक जण आनंदाने सांगतात.

प्रश्न : नाशिकहून लिहितोय. आमच्या घरात आजोबांपासून कुस्ती. माझा मुलगा 15 वर्षांचा, त्याला आता नको वाटतंय. ग्रेसी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे कसं टिकवलं? आमच्याच्याने एकसुद्धा पिढी सांभाळवेना.

काका, त्यांचा हिशोब आपल्याला झेपणारा नाही. कार्लोसला 21 मुलं, हेलिओला 9! एवढ्यात दहा-बारा तरी लढणारे निघणारच ना. वर कार्लोसचा अक्षरांवर विश्वास, आर, के, सी ही अक्षरं जोरदार म्हणून नावंही तशीच, रिक्सन, रॉयस, रॉयलर, कार्लसन, पुढच्या पिढ्यांत क्रॉन, कायरा. आपल्याकडचे अंकशास्त्रवाले खूष होतील.

पण नाव मोठं म्हणून सगळं गुण्यागोविंदाने चाललं असं समजू नका. 'ग्रेसी जिउ-जित्सू' हे नाव कोणी वापरायचं ह्यावरून अमेरिकेत चुलतभाऊ कोर्टात गेलेत, आपली भाऊबंदकी परवडली. आणि हारसुद्धा त्यांच्या वारशातच आहे. 23 ऑक्टोबर 1951 ला रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुरा ह्या जपानी ज्युदोवाल्याने हेलिओचा हात मोडला, तरी हेलिओ थापटेना, शेवटी कार्लोसने टॉवेल टाकला, म्हणजे त्याच्या वतीने हार मानली. तो डाव आज जगभर किमुरा म्हणूनच शिकवतात, ग्रेसींच्या स्वतःच्या अकॅडमीतसुद्धा. 2000 मध्ये साकुराबा ह्या जपानी लढवय्याने हेलिओच्या मुलाला, रॉयसला, 90 मिनिटं झुंजवलं आणि परत ह्यांच्याच कोपऱ्यातून टॉवेल आला. ज्याने 1993 ला डेनव्हरमध्ये पहिल्या यूएफसीत (वेगवेगळ्या युद्धकलांचे लोक आपसात लढतात ती स्पर्धा) एका रात्रीत तिघांना हरवलं तोच हा रॉयस. घराण्याने ह्या हारी लपवल्या नाहीत, हे मला त्यांच्या सगळ्या पदकांपेक्षा आवडतं.

रॉजरला ग्रेसी हे नाव आईकडून मिळालंय बरं का. आई रेला, कार्लोसची मुलगी, वडील मॉरिसिओ गोम्स. वडीलही ब्लॅक बेल्ट, पण जगाला तो ग्रेसी म्हणूनच माहीत. त्या नावाचं वजन घेऊन मॅटवर गेलं की समोरचा दुप्पट ताकदीने लढतो, कारण ग्रेसीला हरवलं ही आयुष्यभर सांगायची गोष्ट. हे ओझं पंधरा वर्षांच्या पोराला कळतं, आपल्याला वाटतं तो आळशी झालाय.

माझं ऐकाल तर एक वर्ष त्याला आजोबांचं नाव न घेता खेळू द्या. हवं तर ज्युदो, हवं तर फुटबॉल. परत आला तर स्वतःचा म्हणून येईल. नाही आला तर कुस्ती काही तुमच्या एका घरावर अवलंबून नाही, आणि हे जरा कडू वाटेल, पण खरंय.

प्रश्न : ठाण्याची आई. मुलगी 12 वर्षांची, क्लास लावायचा म्हणते. मुलांबरोबर प्रॅक्टिस, कान खराब होणं, गळे आवळणं... पाठवू का?

पाठवा. ह्याच घराण्यात बायकांनी लढायचं नाही अशी रीत होती, कायरा ग्रेसीने ती मोडली आणि तीनदा एडीसीसी जिंकली. 16 च्या आतल्या मुलांचे पट्टे वेगळे असतात, पांढरा, करडा, पिवळा, नारिंगी, हिरवा, आणि वयाप्रमाणे कुठले डाव चालतील ह्याचे नियमही वेगळे. कान सुजला तर चोळत बसू नका, लगेच डॉक्टरकडे न्या, साठलेलं रक्त वेळेत काढलं की सहसा तो फुगून कडक होत नाही, आणि कानावर घालायचं कव्हर मिळतं ते घ्या. मुलांबरोबर सराव करायला हरकत नाही, पण वजन जुळवून जोड्या लावतात का ते विचारा.

फी भरायच्या आधी एक दिवस बाकावर बसून अख्खा क्लास बघा. कोणी थापटलं की समोरचा त्याच क्षणी सोडतो का, आणि नाही सोडलं तर सर ओरडतात का, एवढंच बघायचं. नाही ओरडले तर मुलीला घेऊन सरळ बाहेर पडा, दुसरा क्लास शोधा.