माक्याचं तेल घरी केलं तर दर वेळी खवट का होतं, आणि त्याने केस खरंच येतात का?

खवट होतं, बुरशी धरते, कारण तेलात पाणी राहतं. २०० मिली तीळतेल, ८०० मिली ताज्या माक्याचा गाळलेला रस (म्हणजे बरीच पानं लागतात, एका जुडीत भागत नाही) आणि साधारण २५ ग्रॅम वाटलेला माका जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवा. ढवळत राहा, नाहीतर चोथा तळाला लागून करपतो. चोथ्याची बोटांत वात वळली आणि ती ज्योतीवर धरल्यावर तडतडली नाही, की पाणी संपलं. चोथा कडक कुरकुरीत झाला तर तेल जास्त शिजलं. कोमट असतानाच गाळा, पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत भरा.

केस येण्याचं म्हणाल तर माक्याचा पुरावा मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांचा आहे. माणसांत, माक्याची नाही पण रोझमेरी या सुगंधी वनस्पतीच्या तेलाची २०१५ मध्ये १०० जणांवर २ टक्के मिनॉक्सिडिलशी (केसगळतीवर टाळूला लावायचं औषध) तुलना झाली. सहा महिन्यांनी दोन्हीकडे सारखीच थोडी वाढ दिसली. पण काहीच न लावणारा गट नव्हता, त्यामुळे फार हुरळू नये. रोझमेरीचं हे तीव्र तेल कधीही तसंच लावू नका: १० मिली खोबरेल तेलात ४-५ थेंब पुरतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास बघा.

केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात, म्हणून सहा महिन्यांआधी निकाल लावू नका. मात्र गोल चट्टे पडत असतील, टाळू लाल होऊन सोलत असेल, तर तेल बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञ गाठा. अचानक झुपकेच्या झुपके गळत असतील तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची तपासणी आधी.